‘बस’ आणि पेण-रोहे
‘पायप्सा’ ही वीजजाळ्याचे प्रतिरूप रचणारी मुक्तस्रोत प्रणाली होय. तीतील जोडबिंदूस ‘बस’ म्हणतात. लॅटिन ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातील ‘सर्व’ गळले, चतुर्थीचा प्रत्यय तेवढा उरला! गणन सुकर व्हावे म्हणून या प्रणालीत अनेक बिंदू एकात मिळविता येतात. मग पेणचे मूर्तिकारखाने आणि रोह्याजवळील धाटावची रासायनिक वसाहत एकाच ‘बस’मध्ये जमा होऊ शकतात. राष्ट्रीय नियोजनास हे चालेल. परंतु ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगडात विजेचे खांब कोसळले, गावोगाव अंधार झाला; अशा वेळी आधी कोणती वाहिनी जोडावी, हे इतके आटलेले प्रतिरूप सांगू शकत नाही. दोष प्रणालीचा नव्हे, ती कोणासही वाचता-बदलता येते. अपुरी आहे ती खांब व रोहित्रे यांची सार्वजनिक नोंद.