प्रवासखर्च कोणाला आणि कशासाठी?

संशोधक विद्यार्थ्यांना परिषदेला जाण्यासाठी मिळणारे अनुदान हा वरवर पाहता हिशेबाचा विषय आहे. परंतु विज्ञान कसे शिकले जाते याविषयीची आपली समजूत त्याच्या अटींतून दिसते. ज्वलनशास्त्राचे उदाहरण घेऊन त्या तपासू.

या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद दर दोन वर्षांनी भरते. पहिली १९२८ साली अमेरिकेत झाली, चाळिसावी २०२४ साली इटलीतील मिलान येथे. पवईच्या आयआयटीत ज्वलनावर संशोधन चालते. तेथील विद्यार्थ्याला अशा परिषदेस जायचे तर केंद्र सरकारचे प्रवास-साहाय्य आहे. पूर्वी ते एसईआरबी हे मंडळ देत असे. हे मंडळ २०२४ साली अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले. या साहाय्यामुळे अनेक तरुण परदेशी परिषदांना जाऊ शकले, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

मात्र विद्यार्थ्यासाठी मुख्य अट अशी, की त्याचा शोधनिबंध स्वीकारला गेलेला असावा. पैशाचा दुरुपयोग टळावा हा हेतू रास्त आहे. पण त्यामुळे परिषद हे पुऱ्या झालेल्या कामाचे बक्षीस ठरते. तिची खरी गरज काम अडलेल्या विद्यार्थ्याला असते.

शाळेच्या प्रयोगशाळेतील बुन्सेन ज्वालक आठवा. वायूचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी पडला, की ज्योत नळीत शिरते. मिथेन-हवा मिश्रणात ज्योतीचा वेग सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर असतो, तर हायड्रोजनच्या मिश्रणात तो ३ मीटरच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून हायड्रोजनवर काम करणाऱ्याला ज्योत मागे फिरण्याची धास्ती कायम असते. यशस्वी ज्वालकाची आकृती निबंधात छापली जाते. त्याआधी किती ज्वालक फसले आणि का, हे सहसा छापले जात नाही. ते भित्तीपत्रकापाशी उभे राहून विचारावे लागते.

दुसरा दोष पैसे देण्याच्या रीतीत आहे. अनेक अनुदानांत खर्च आधी करायचा आणि पावत्या नंतर जोडायच्या असतात. २०२३ पासून कनिष्ठ संशोधक पाठ्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, गेटमार्फत एम.टेक. करणाऱ्याला १२,४०० रुपये मिळतात. विमानभाडे, नोंदणी आणि मुक्काम यांत बसत नाही. म्हणजे घरून उसने मिळू शकणाराच जातो. अशी निवड गुणवत्तेची म्हणता येणार नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. घाटकोपर-बोरिवलीच्या पाववाल्याची भट्टी कशी बदलावी, हे ज्वलनशास्त्राचेच काम आहे.

म्हणून दोन सूचना. निबंध नसलेल्या, पण प्रयोग सुरू केलेल्या विद्यार्थ्यांसाठी देशातील ज्वलन-परिषदांपुरता छोटा निधी असावा, आणि रक्कम आगाऊ मिळावी. बदल्यात परत आल्यावर त्याने अंधेरी-मुलुंडच्या एखाद्या शाळेत वा महाविद्यालयात, तेथे काय ऐकले आणि आपले कोठे अडले आहे, हे सांगावे. पावत्यांच्या फायलीपेक्षा हा हिशेब अधिक चोख होईल. अशा विद्यार्थ्याला एक तासिका देण्याची तयारी आपण शिक्षकांनी ठेवावी.