मान कुठे टेकवायची?

‘टॅक्सी फॅब्रिक’ २०१५ साली मुंबईत सुरू झालं तेव्हा मी त्याचा चाहता होतो. संकेत अवलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण डिझायनरांकडून कापडं करून घेतली आणि काळ्यापिवळ्या टॅक्स्यांच्या सीटांवर, दारांवर, छतावर चढवली. सोबत डिझायनरचं नाव आणि डिझाइनमागची गोष्टही असायची. आर्ट गॅलरीत कधी पाऊल न टाकलेल्या माणसाला मीटर पडल्यावर चित्र बघायला मिळावं, ही कल्पना मला आजही आवडते.

पण मध्यंतरी गोवंडीत एका सीटवाल्याच्या गाळ्यात तीन दिवस बसलो आणि त्या टॅक्स्यांचे फोटो परत काढून पाहिले. माझं मत बदललं.

काम घरचंच होतं, बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं. ही गाडी बनली कुर्ल्यात, गोवंडीपासून तिसऱ्या स्टेशनावर. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्यामुळे मला सगळं ‘ओरिजिनल’ हवं होतं.

चाचांनी कव्हर फाडलं नाही. ब्लेडने एकेक शिवण उसवली. वर चॉकलेटी रेक्झिन, खाली फुलाफुलांचं कापड, त्याखाली अजून एक फिकट रेक्झिन. मग काथ्या, गोणपाट आणि गंजलेल्या स्प्रिंगा. मी चिंध्या गोळा करून फेकायला निघालो, तर चाचा ओरडले. तोच तर फर्मा! जुने तुकडे सपाट करून नव्या रेक्झिनवर ठेवायचे, खडूने आखायचं, शिलाईपुरती जागा सोडून कापायचं.

इथे मला ‘टॅक्सी फॅब्रिक’ची अडचण कळली. चित्र सपाट पडद्यावर सुचतं. सीट सपाट नसते. तिला उतार असतो, कडेला पायपिंग असतं, शिवण नेमकी चित्रातल्या चेहऱ्यावरून जाते. शिवाय त्यावर माणूस बसतो, म्हणजे चित्र झाकलं जातं आणि घामाने, पावसाने आधी तेच मळतं. त्या फोटोंत मला सगळ्यात जमलेलं वाटतं ते छत. ते जवळपास सपाट, त्यावर कुणी बसत नाही, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस वर बघतोच. सीटवरचं काम मात्र बऱ्याचदा दरवाजा उघडून काढलेल्या फोटोसाठी केल्यासारखं दिसतं.

माझं ‘ओरिजिनल’ तरी वेगळं कुठे होतं? बाबांना हेडरेस्ट हवी होती. त्यांची मान दुखते. जुन्या सीटची पाठ खांद्यापाशीच संपते, आणि मला ती तशीच हवी होती, कारण फोटोत तीच रेषा सुंदर दिसते. आमचं भांडण गाळ्यातच झालं. बाबा म्हणाले, “तू गाडी बघतोस. मी ती चालवतो.”

चाचांनी वरून बांधायची उशी द्यायला साफ नकार दिला. मागून धक्का बसला तर कापडाला बांधलेली उशी मान सावरत नाही. दांड्या सीटच्या लोखंडी सांगाड्यातच बसायला हव्यात. म्हणून आधी वेल्डिंग, मग फोम. हेडरेस्टचं कव्हर उलटं शिवलं, फोमवर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि तिच्यावरून कव्हर सरकवलं. रेक्झिन फोमवर अडकतं, पिशवीवर घसरतं. एवढीशी युक्ती, पण सुरकुती एक नाही.

हेडरेस्ट लागली आणि ती सुंदर रेषा मोडली. मला अजूनही खटकते. पण चांगल्या सीटची कसोटी डोळ्यांची नसून पाठीची आणि मानेची आहे, हे आता मला मान्य आहे. ‘टॅक्सी फॅब्रिक’ने डिझायनरचं नाव प्रवाशापर्यंत नेलं, हे त्याचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. मला त्यात शिवणाऱ्याचंही नाव हवं होतं, कारण कापडाची सीट तोच करतो.

निघताना चाचांना विचारलं, मागच्या कोपऱ्यात तुमचं नाव शिवता का? त्यांनी सुई तोंडातून काढली.

“नाम का क्या करेगा? फटेगा तो इधरीच लाएगा ना.”