नाटकाची प्रयोगक्षमता

नवें नाटक छापून आलें कीं प्रथम त्याच्या भाषेची वाखाणणी होते. कोट्या, अलंकार व सुभाषितें यांचे उतारे दिले जातात, आणि तेवढ्यावर विसंबून एखादी हौशी मंडळी त्या नाटकावर पदरचा पैसा घालते. ही कसोटी आम्हांस मुळांतच चुकीची वाटते. एक पात्र बोलत असतांना दुसऱ्यानें काय करावयाचें, हें ज्या नाटकांत लेखकाला सुचलेलेंच नाहीं, तें घरीं आरामखुर्चींत पडून वाचावें हें बरें.

याविरुद्ध कोणी गडकऱ्यांचें 'एकच प्याला' पुढें करील. त्यांत लांबलचक भाषणें आहेत. कल्पनांची तर अतिवृष्टीच आहे. शिवाय गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले आणि पुढल्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास पहिला प्रयोग केला. अर्थात् प्रयोग पाहून कातरी चालविण्याची संधि लेखकास मिळालीच नाहीं. तरीही नाटक रंगलें. आमच्या मतें त्यास त्या प्याल्यानेंच तारलें. तळीराम सुधाकरापुढें पहिला पेला धरतो, तेव्हां त्याचे युक्तिवाद आपण अर्धेमुर्धेच ऐकतों. डोळे सुधाकराच्या हातावर खिळलेले असतात. पुढें ज्या बालगंधर्वांच्या शालूंचें घरोघर कौतुक चाले, तेच सिंधूच्या भूमिकेंत ठिगळांचें लुगडें नेसून येत. संसार कोठवर खालावला, हें सांगावयास मग शब्द कशाला हवेत? उलट रामलालाचीं प्रवचनें सुरू झालीं कीं प्रेक्षागृहांत खोकल्याची सांथ येते, आणि ती आम्हीही पसरविली आहे.

देवलांची गोष्ट निराळी. ते स्वतः नटांना तालीम देणारे. नटाच्या तोंडीं काय बसतें, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. त्यांच्या 'शारदे'ची (१८९९) भाषा इतकी घरगुती आहे कीं उतारा काढावयास वाचकाला वाक्य सांपडत नाहीं. म्हाताऱ्या भुजंगनाथाशीं ठरलेलें लग्न वधूवर सगोत्र निघाल्यामुळें ऐन वेळीं मोडतें. पुस्तकांत ही युक्ति ओढूनताणून आणलेली भासते. रंगभूमीवर मात्र आपण तोंवर त्या मुलीकडे इतका वेळ पाहात असतों कीं, लग्न कोणत्या का कारणानें होईना, मोडलें एवढ्यावरच आपला जीव भांड्यांत पडतो. गोत्राची चौकशी घरीं परततांना सुचते.