चाहत्याची दोन मापे : आंतरराष्ट्रीय ज्युनिअर आणि व्यावसायिक आइस हॉकीविषयीच्या मतांची चिकित्सा

वाचकाच्या प्रतिसादाला साहित्यसमीक्षेने फार पूर्वीच विचारविषयाचा दर्जा दिला. क्रीडाविषयक लेखनात मात्र चाहत्याचे मत हे अजूनही भावनेचा उद्रेक म्हणूनच पाहिले जाते. समाजशास्त्रज्ञ त्याचा गर्दीच्या मानसशास्त्रात समावेश करतात, तर क्रीडापत्रकार रंजक मजकूर म्हणून त्याचा वापर करतात. वस्तुतः चाहत्याच्या मतामागे एक मूल्यव्यवस्था असते आणि ती बऱ्याच अंशी सुसंगतही असते. कॅनडातील आइस हॉकीच्या चाहत्याबाबत हे विशेष स्पष्टपणे जाणवते, कारण तेथे हा चाहता एकाच वेळी दोन प्रकारच्या हॉकीवर मते देत असतो. एक नॅशनल हॉकी लीगची व्यावसायिक हॉकी आणि दुसरी वीस वर्षांखालील मुलांची जागतिक ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धा. या दोहोंना तो एकाच मापाने मोजत नाही. ही दोन मापे कोणती आणि त्यांतील अंतराची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकी डोळ्यांसमोर येते. बर्फावरील हॉकीत चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. गोलरक्षकासह दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू एका वेळी रिंकमध्ये असतात आणि शरीराने धडक देणे नियमात बसते. ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धा १९७७ पासून अधिकृतपणे भरते. ती दरवर्षी २६ डिसेंबरला सुरू होते व जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. म्हणजे नाताळच्या सुटीत, सारे कुटुंब घरी असताना. १९९१ पासून एका क्रीडावाहिनीने तिचे प्रक्षेपण हाती घेतले आणि त्याच वर्षी सास्काटूनमध्ये कॅनडाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक मिळविले. तेव्हापासून ही स्पर्धा कॅनडाच्या घराघरांतील एक वार्षिक विधीच होऊन बसली. स्वीडन, फिनलंड वा चेक प्रजासत्ताकातही हॉकीप्रेम कमी नाही. पण मुलांच्या स्पर्धेला एवढे राष्ट्रीय वजन अन्यत्र क्वचितच दिले जाते.

व्यावसायिक खेळाडूविषयीचे माप आधी पाहू. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑइलर्सने वेन ग्रेट्स्की याला लॉस एंजेलिस किंग्जकडे सोपविले. त्या दिवशी कॅनडात जो क्षोभ उसळला त्याची नोंद संसदेपर्यंत गेली. हा व्यवहार सरकारने रोखावा अशी मागणी नेल्सन रीस या खासदाराने केली. परंतु हा राग कोणावर होता हे महत्त्वाचे. तो प्रामुख्याने संघमालक पीटर पॉकलिंग्टनवर होता. ग्रेट्स्कीचा पुतळा पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, एडमंटनच्या रिंकबाहेर उभा राहिला. निघून गेलेल्या खेळाडूचा पुतळा उभारणाऱ्या चाहत्याने मनोमन एक गोष्ट मान्य केलेली असते : हा माणूस नोकरी करतो, त्याची बदली झाली, दोष बदली करणाऱ्याचा. व्यावसायिक खेळाडूवर चाहता ओरडतो, त्याच्या पगाराचा हिशेब काढतो, त्याला आळशी म्हणतो. पण या साऱ्यात एक देवाणघेवाण गृहीत असते. पैसे घेतले आहेत, तेव्हा बोलणी खाणे आलेच.

याचा अर्थ व्यावसायिक हॉकीत राष्ट्र वा समाज डोकावत नाही असे नव्हे. मार्च १९५५ मध्ये लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी मॉरिस रिशारला उरलेल्या हंगामापुरते आणि बाद फेरीच्या सामन्यांपुरते निलंबित केले. त्यानंतर १७ मार्चला कॅम्पबेल स्वतः मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये सामना पाहण्यास येऊन बसले. प्रेक्षागारात अश्रुधूर फुटला, सामना सोडून द्यावा लागला आणि सेंट कॅथरिन मार्गावर दंगल झाली. इंग्रजी भाषक अध्यक्ष आणि फ्रेंच भाषक नायक यांच्या द्वंद्वात क्वेबेकच्या माणसाने आपला अपमान वाचला, हा अन्वयार्थ आता सर्वमान्य आहे. रोश कॅरिये यांच्या १९७९ मधील 'द हॉकी स्वेटर' या कथेचा उगम याच भूमीत आहे. रिशारचा नऊ आकड्याचा स्वेटर हवा असलेल्या खेड्यातील मुलाला टपालाने टोरांटो मेपल लीफ्सचा स्वेटर येतो आणि आईच्या आग्रहाखातर तो त्याला घालावा लागतो. कथा विनोदी आहे आणि तशीच ती वाचली जाते. तिच्यातील काही ओळी पुढे कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवरही आल्या, इतकी ती लाडकी झाली. पण चाहत्याच्या मताचा विचार करताना या विनोदाखालचे दुखणे नजरेआड करता येत नाही. गावातील सारी मुले ज्या मापाने एकमेकांना मोजतात, त्या मापातून बाहेर पडलेल्या एका मुलाला बर्फावर जागाच उरत नाही. खेळ कसा खेळतो हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. चाहतेपण माणसाला समूह देते, तसेच ते समूहाबाहेरही काढते, हे कॅरिये यांनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखविले आहे. कथेचे खरे यश तिच्या लोकप्रिय गोडव्यापेक्षा येथे शोधावयास हवे.

ज्युनिअर खेळाडूविषयीचे माप याहून वेगळे आहे. २ जानेवारी २०१९ रोजी व्हँकुव्हर येथे उपान्त्यपूर्व सामन्यात कॅनडा १-० ने पुढे होता. शेवटचे मिनिट चालू असताना फिनलंडने बरोबरी केली. अतिरिक्त वेळेत कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला. कर्णधार माक्सिम कोम्तुआ याने तो घेतला आणि गोलरक्षकाने अडविला. त्यानंतर नोआ डॉब्सन याच्यापुढे गोल जवळजवळ मोकळा असताना त्याची स्टिकच मोडली आणि पुढच्याच चढाईत फिनलंडने सामना जिंकला. मोडलेली स्टिक ही केवळ दैवगती होती. तरीही त्या रात्री समाजमाध्यमांवर शिव्यांचा भडिमार झाला तो कोम्तुआवर. त्यात त्याच्या फ्रेंच भाषक असण्याचाही उद्धार होता, ही बाब १९५५ चे वरील उदाहरण पाहिलेल्या वाचकाला अनपेक्षित वाटणार नाही. तो त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता आणि खांद्याची दुखापत घेऊन खेळला होता, हे नंतर उघड झाले. अनेक चाहत्यांनी त्याची बाजूही घेतली, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. परंतु बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवादही 'तो देशासाठी खेळला' हाच होता. म्हणजे दोषारोप आणि बचाव दोन्ही एकाच मापातून आले. आपल्याकडील विद्यार्थी ज्या वयात पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतो आणि त्याच्या चुका गुणपत्रिकेपलीकडे जात नाहीत, त्या वयाविषयी हे चालले आहे.

या दोन मापांच्या सीमेवर एरिक लिंड्रोस उभा आहे आणि म्हणून त्याचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते. सास्काटूनच्या १९९१ मधील विजयात तो देशाचा लाडका होता. त्याच वर्षी जूनमध्ये क्वेबेक नॉर्डिक्स संघाने ड्राफ्टमध्ये त्याची पहिली निवड केली आणि त्याने तेथे खेळण्यास ठाम नकार दिला. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाकडे गेला. ऑक्टोबर १९९२ मध्ये तो क्वेबेक शहरात खेळावयास आला तेव्हा प्रेक्षकांनी बर्फावर लहान बाळांची चोखणी फेकली. क्वेबेकवासीयांना त्याच्या नकारात आपल्या भाषेचा व शहराचा अव्हेर दिसला आणि ती भावना समजण्याजोगी होती. पण चोखणीचे प्रतीक भाषेविषयी काहीच बोलत नाही. ते वयाविषयी बोलते. अठरा वर्षांच्या मुलाने नोकरीची जागा स्वतः निवडू पाहिली, म्हणून त्याला बाळ ठरविले गेले. ग्रेट्स्कीला विकले गेले तेव्हा चाहत्याने मालकाला दोष दिला. लिंड्रोसने स्वतःला विकू दिले नाही तेव्हा दोष खेळाडूकडे आला. व्यावसायिक खेळाडूला कामगार मानण्यास तयार असलेला चाहता ज्युनिअर खेळाडूला मात्र आपली वस्तू समजतो आणि तो कामगारासारखा वागू लागताच दुखावतो.

ही विसंगती पैशाच्या अंगाने पाहिली तर अधिकच टोचते. कॅनडातील प्रमुख ज्युनिअर लीगचा खेळाडू साधारण सोळाव्या वर्षी घर सोडतो, दुसऱ्या गावी यजमान कुटुंबाकडे राहतो, बसने लांबलांबचे प्रवास करतो आणि एका हंगामात साठांहून अधिक सामने खेळतो. तिकिटे विकली जातात, प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात. मुलाला हातखर्चाएवढी रक्कम आणि शिक्षणासाठी साह्य मिळते. या खेळाडूंना किमान वेतन द्यावे काय, यावर न्यायालयीन लढा झाला, तेव्हा आँटेरिओ प्रांताने २०१८ मध्ये त्यांना अशा श्रमकायद्यांतून वगळण्याचाच मार्ग पत्करला. ज्याला मोबदला मिळतो त्याच्याकडून चाहता केवळ मोबदल्याएवढी अपेक्षा करतो आणि ज्याला तो मिळत नाही त्याच्याकडून राष्ट्राची अब्रू मागतो. निःस्वार्थतेचा गौरव म्हणून हे सांगितले जाते. गौरव करणाऱ्याला त्यात काही द्यावे लागत नाही, एवढे मात्र खरे.

केन ड्रायडन यांच्या 'द गेम' या १९८३ मधील ग्रंथाचा या संदर्भात वारंवार आधार घेतला जातो. मॉन्ट्रियलचे हे गोलरक्षक १९७२ च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेतही खेळले होते. घरामागील अंगणातल्या मोकळ्या, वेळापत्रकाविना खेळल्या जाणाऱ्या हॉकीत खेळाडूची कल्पकता घडते आणि संघटित स्पर्धांनी हा मोकळा वेळ गिळला, हे त्यांचे प्रतिपादन मार्मिक आहे. हॉकीवरील सर्वांत विचारी पुस्तक म्हणून त्याची जी ख्याती आहे ती रास्तच म्हणावी लागेल. तथापि ड्रायडन कॉर्नेल विद्यापीठातून व्यावसायिक हॉकीत आले, ज्युनिअर लीगच्या बसमधून नव्हे. मानधनाच्या वादात १९७३-७४ चा सारा हंगाम बाहेर बसून वकिली कार्यालयात काम करण्याची सोय त्यांना होती. त्यांच्या चिंतनातील संयम या सोयीतून आलेला आहे. म्हणून 'द गेम' मधील बालपण सुंदर वाटते. पण सोळाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलाचे बालपण तेथे मिळत नाही.

राष्ट्रभावनेचे एवढे ओझे मुलांवर का आले, याचे एक कारण व्यावसायिक हॉकीच्या वेळापत्रकात सापडते. १९७२ मध्ये पॉल हेंडरसनने शेवटचे ३४ सेकंद उरले असता केलेला गोल हा कॅनडाच्या सामूहिक स्मृतीचा भाग आहे. तेथे राष्ट्राचे प्रतिनिधी प्रौढ व्यावसायिक होते. चौथ्या सामन्यानंतर व्हँकुव्हरच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली, तेव्हा फिल एस्पोझिटो यांनी दूरचित्रवाणीवरून प्रेक्षकांनाच सुनावले. प्रौढ खेळाडूला असे उत्तर देता येते. पुढे नॅशनल हॉकी लीगने २०१८ आणि २०२२ च्या ऑलिंपिकसाठी आपले खेळाडू दिले नाहीत. २०१६ च्या विश्वचषकापासून फेब्रुवारी २०२५ मधील चार राष्ट्रांच्या स्पर्धेपर्यंत सर्वोत्तम खेळाडू देशाच्या नावाने एकमेकांसमोर आलेच नाहीत. ही रिकामी जागा डिसेंबरच्या मुलांनी भरली.

त्यापूर्वीही या मापाचे दर्शन झाले होतेच. ४ जानेवारी १९८७ रोजी चेकोस्लोव्हाकियातील पिएश्तानी येथे कॅनडा आणि सोव्हिएत संघाचे ज्युनिअर संघ एकमेकांवर तुटून पडले. मारामारी थांबेना तेव्हा रिंकमधील दिवे घालविण्यात आले. कॅनडा ४-२ ने पुढे होता. दोन्ही संघ बाद ठरले. त्या संध्याकाळी कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर ब्रायन विल्यम्स यांनी या प्रकाराचा निषेध केला, तर डॉन चेरी यांनी मुलांची पाठराखण केली. चाहत्यांचा मोठा वर्ग चेरींच्या बाजूने झुकला. परक्याने डिवचले, पोरांनी उत्तर दिले, असा तो न्याय होता. मुले तीच, वय तेच. हरली की राष्ट्र बुडविणारी आणि भांडली की राष्ट्र राखणारी.

चाहत्याच्या मताची सर्वांत कठीण परीक्षा २०२२ मध्ये झाली. २०१८ च्या सुवर्णपदकविजेत्या ज्युनिअर संघातील काही खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारा दिवाणी दावा राष्ट्रीय संघटनेने तडजोडीने मिटविल्याचे मे महिन्यात उघड झाले. पाठोपाठ, अशा दाव्यांच्या भरपाईसाठी नोंदणीशुल्कातून जमविलेला निधी संघटनेने राखून ठेवल्याचेही समोर आले. प्रायोजक दूर झाले, संसदीय समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी व संपूर्ण संचालक मंडळ पायउतार झाले. पुढे २०२४ मध्ये पाच खेळाडूंवर गुन्हे दाखल झाले आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. येथे विचार त्या खटल्याचा नाही, चाहत्याचा आहे. नोंदणीशुल्क भरणारा पालक हाच बहुसंख्येने या स्पर्धेचा चाहताही असतो. त्यामुळे प्रथमच त्याच्या मतात स्वतःच्या हिश्श्याचा प्रश्न शिरला. ऑगस्ट २०२२ मध्ये एडमंटन येथे पुन्हा भरविलेल्या स्पर्धेत खुर्च्या मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहिल्या. साथीमुळे डिसेंबरातून उन्हाळ्यात ढकललेली स्पर्धा, चढे तिकीटदर, ही कारणे होतीच; पण रागही होता. त्यानंतर चार महिन्यांनी हॅलिफॅक्स आणि मंक्टन येथे पुढची स्पर्धा झाली. सतरा वर्षांच्या कॉनर बेडार्डने सात सामन्यांत गोल व साह्य मिळून २३ गुण कमावले, कॅनडाने अंतिम सामन्यात चेक संघाला हरविले आणि हॅलिफॅक्सच्या प्रेक्षागारात जागा मिळणे दुरापास्त झाले होते.

तथापि चाहत्याचे माप बदलतच नाही असा निष्कर्ष घाईचा ठरेल. जानेवारी २०२४ मध्ये गोथेनबर्ग येथे आणि जानेवारी २०२५ मध्ये ओटावा येथे कॅनडा उपान्त्यपूर्व फेरीत चेक संघाकडूनच हरला, दोन्ही वेळा शेवटच्या मिनिटातील गोलने. ओटावात तर साखळीत लॅटव्हियाकडूनही हार पत्करावी लागली आणि पाच सामन्यांत अवघे १३ गोल झाले. त्यानंतरची चाहत्यांची टीका तिखट होती. पण ती मुख्यतः निवड समिती आणि प्रशिक्षक यांच्या दिशेने गेली. आक्रमक गुणवत्तेच्या मुलांना घरी का ठेवले, बचावात्मक आखणी का केली, निवडीची जबाबदारी कोणाची, असे प्रश्न विचारले गेले. हे प्रश्न प्रौढांना विचारलेले आहेत, त्यांना उत्तर देता येते आणि त्यांच्या उत्तरांची शहानिशाही करता येते. त्या पराभवानंतर ओटावाच्या बर्फावर रडणाऱ्या मुलांना या वेळी तुलनेने कमी शिव्या ऐकाव्या लागल्या.