उदयोन्मुख सत्ता, साखरेचा वाद आणि ऊसतोड कामगार : एक चिकित्सा

आंतरराष्ट्रीय आर्थिक व्यवहाराच्या नियमनात उदयोन्मुख राष्ट्रांचे स्थान वाढत आहे, हे विधान आपल्याकडील अभ्यासलेखनात बहुधा अभिमानाने केले जाते. २००३ च्या कानकुन परिषदेत ब्राझील व भारत यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला विकसनशील राष्ट्रांचा जी-२० गट (शिखर परिषदांचा जी-२० तो नव्हे), २००९ पासूनच्या ब्रिक परिषदा, नाणेनिधीतील २०१० चा व २०१६ मध्ये अंमलात आलेला कोटा-बदल ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. ती खोटी नाहीत. परंतु या सत्तांचे हितसंबंध एकच आहेत, हे त्यांमागील गृहीतक मात्र तपासून घ्यावे लागते.

कानकुनमधील तोच सहकारी ब्राझील २०१९ मध्ये भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे गेला. ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्याही तक्रारी होत्या. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ही मर्यादेबाहेरची मदत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. हा दर शासन नव्हे, तर कारखाने देतात, असा भारताचा बचाव होता. डिसेंबर २०२१ मध्ये तंटा-मंडळाने तो अमान्य केला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत मदत उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांहून अधिक होती, असा त्याचा निष्कर्ष होता. भारताने अपील केले. परंतु अमेरिकेने नेमणुका अडविल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच निष्क्रिय झाले होते. नियमाधिष्ठित व्यवस्थेच्या ऱ्हासाबद्दल आपण हळहळतो, पण येथे त्या ऱ्हासाचाच आपल्याला आसरा मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने प्रश्न याहून खोल आहे. आष्टी तालुक्यातील कडा परिसरासह जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. महाराष्ट्रात एफआरपीतून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याला मिळते. म्हणजे जिनिव्हात ज्या दराचा न्यायनिवाडा झाला, त्याच्या पोटातच कोयत्याची मजुरी आहे. २०१८-१९ चा दर १० टक्के उताऱ्याला टनामागे २७५० रुपये होता. तो शेतकऱ्याला दिलेली मदत म्हणून मोजला गेला. ऊस तोडणारा मात्र या वादात पक्षकार नाही. कृषी कराराच्या परिभाषेत ‘उत्पादक’ आहे, मजूर नाही.

हा दोष केवळ जिनिव्हाचा म्हणणे सोयीचे ठरेल. भारताची बाजूही शेतकऱ्याच्या नावाने मांडली गेली. त्याच २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला आणि राज्याला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तोडणीचे दर आजही साखर संघ व कामगार संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली, तीही आंदोलनानंतर. उद्या एफआरपीवर आंतरराष्ट्रीय मर्यादा आलीच, तर कपात प्रथम कोठे होईल, हे कोयता धरणाऱ्याला विचारावे लागणार नाही.