कुळ, श्रद्धा आणि आत्मकथन : ‘स्मृतिचित्रे’ व ‘आयदान’ यांच्या वाचनासंबंधी

मराठी आत्मकथनांच्या अभ्यासात एक सवय रूढ झालेली दिसते. पुस्तक आधी एखाद्या प्रवाहात बसवायचे आणि मग त्या प्रवाहाला सोयीचा तेवढाच भाग वाचायचा. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) विनोद आणि सांसारिक जिव्हाळा यांसाठी वाचले जाते, तर ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) दलित स्त्रीच्या अनुभवाचा दस्तऐवज म्हणून. ही वाचने चुकीची नाहीत. परंतु दोन्ही पुस्तके मुळात धर्म बदललेल्या कुटुंबांची आहेत, ही गोष्ट त्यांत बाजूला पडते. धर्म एका दिवसात बदलता येतो, पूर्वज मात्र तसे बदलत नाहीत. या दोहोंमधील अंतर हाच या पुस्तकांचा खरा विषय आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तुलनेसाठी बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) पाहावे. त्यांचे धर्मांतर १८५४ चे. शीर्षकातच निवाडा आहे : आधी रात्र, मग पहाट. त्यामुळे बालपणीचे घर, व्रते, देवदेवता यांचे तपशील भरपूर असूनही ते बहुतांशी खंडनाचे साहित्य म्हणून येतात. पूर्वज तेथे साक्षीदार असतात, नातलग क्वचितच. समाजेतिहासाच्या अभ्यासकाला हे पुस्तक मोलाचे आहे. कुटुंबाविषयीचे पुस्तक म्हणून ते तोकडे पडते.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट वेगळी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधल्या पाच वर्षांत त्या कोण होत्या? सौभाग्यवती खऱ्या, पण नवरा जातीबाहेर गेलेला. नवऱ्याबरोबर पुन्हा राहू लागल्यावरही सोवळे लगेच सुटत नाही. येथे एक धागा समीक्षकांच्या हातून बहुधा निसटतो. पुस्तकाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या खुळाचे वर्णन आहे आणि त्याची सुरुवात १८५७ नंतर घरावर कोसळलेल्या आपत्तीशी जोडलेली आहे. म्हणजे लेखिकेला वारशाने मिळालेले सोवळे हे निव्वळ शास्त्र नव्हते. त्यात घराण्याने भोगलेली भीतीही मुरलेली होती. अशी गोष्ट वादविवादाने जात नाही. म्हणूनच जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हा लक्ष्मीबाईंचा निर्णय नवऱ्याच्या प्रवचनातून न येता त्यांच्या स्वतःच्या विचारातून येतो, तोही बाप्तिस्म्याच्या आधी. विनोदाकडेही या दृष्टीने पाहावे. वडिलांच्या खुळाला हसता येणे हीच त्या वारशापासून सुटण्याची त्यांची रीत आहे, आणि त्या हसण्यात वडिलांचा त्याग कोठेही नाही.

‘आयदान’कडे वळताना मात्र सावधगिरी हवी. दोन धर्मांतरांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. टिळक कुटुंबाने प्रतिष्ठा गमावली. पवारांच्या समाजाने लादलेली हीनता नाकारली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील ही मुलगी अकरा वर्षांची होती. घरातले देव गेले. पण हे पुस्तक तेवढ्यावर थांबत नाही. महारांच्या घरचे विधी ब्राह्मणाने लांबून उरकायचे, ही रीत मोडून घराण्यातील एका पूर्वजाने पौरोहित्य स्वतःकडे घेतले होते, असे लेखिका सांगते. हा तपशील अडचणीचा आहे आणि म्हणूनच महत्त्वाचा. देव टाकताना लादलेल्या गोष्टींबरोबर कष्टाने मिळवलेला एक मानही मागे पडतो. ‘धर्मांतराने मुक्ती’ या सरळ सूत्रात तो बसत नाही; मग वर्गात त्यावर बोलले जात नाही.

देव गेल्यावर उरते काय? आईचे बांबूकाम. विधवा आई सुपे, टोपल्या विणून मुलांना वाढवते, आणि लेखिका आपल्या लेखनाचे नाते त्या विणकामाशी जोडते. वंशपरंपरेने आलेले हे काम जातीची खूण आहे, तसेच पोट भरणारे कौशल्यही आहे. लेखिका पहिली बाजू लपवत नाही आणि दुसरीचे स्तोत्र गात नाही. मराठीतील फार थोड्या पुस्तकांना हा तोल साधला आहे.

कुलवृत्तांतांचा येथे उल्लेख करणे आवश्यक वाटते. विसाव्या शतकात अनेक ब्राह्मण घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. गोत्र, कुलस्वामी, मूळ गाव, वंशावळी असा त्यांचा थाट. लेकीची नोंद सासरच्या नावापाशी संपते. पुढची शाखा तिच्या मुलांची नाही, भावाच्या मुलांची. (आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असा एखादा ग्रंथ असेल, त्यात आईचे माहेर किती ओळींत आटोपले आहे, हे ताडून पाहण्यासारखे आहे.) ज्यांच्या पूर्वजांची नोंद वेठबिगार म्हणूनही कोणी धड ठेवली नाही, त्यांच्यासाठी तर हा प्रकार उपलब्धच नव्हता. या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई आणि ऊर्मिला पवार यांनी लिहिलेला वंशेतिहास लेकींनी सांगितलेला आहे, ही गोष्ट केवळ ‘स्त्रीलेखन’ या सदरात टाकून भागणारी नाही. वंशावळीत ज्यांची रेघ थांबते, त्यांनीच वडिलांचे खूळ, आईचे हात आणि टाकलेले देव यांचा हिशेब ठेवला आहे.

पदव्युत्तर वर्गासाठी आत्मकथन नेमताना ही दोन पुस्तके वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत जाण्याऐवजी एका सत्रात शेजारी ठेवता येतील. तसे झाल्यास विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न ‘ही लेखिका कोणत्या प्रवाहातील?’ असा विचारण्याचे कारण उरणार नाही. ‘या घरात धर्म बदलल्यानंतर स्वयंपाक, पाणी आणि काम यांचे काय झाले?’ असे विचारता येईल.