बेडकांच्या नावांची पाठचिकित्सा

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत शिरलेले अपपाठ दूर केले. पाठचिकित्सेची ही परंपरा मराठी वाचकाला परकी नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणातही अशीच चिकित्सा चालते. तिथला एक नियम मात्र नेमका उलट आहे. संग्रहालयांत जपलेल्या महाराष्ट्रातील बेडकांची नावे त्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत.

कलकत्त्यात १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये सह्याद्रीतल्या एका लहान बेडकाला नाव दिले: ‘स्यहाद्रेन्सिस’. ‘सह्याद्री’तली अक्षरे रोमन लिपीत जाताना उलटीपालटी झाली. पुढे या बेडकाचे कुलनाम ‘राना’चे ‘फेजरवार्या’ आणि मग ‘मिनर्वार्या’ झाले, पण शेपटाचा शब्द तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय नामसंहितेनुसार लिप्यंतरातली चूक ही दुरुस्तीला पात्र ठरत नाही. म्हणजे इथे अपपाठ हाच प्रमाण पाठ. हा नियम विचित्र वाटला तरी योग्य आहे. प्रत्येक पिढीने नावे सुधारायला घेतली, तर शंभर वर्षांपूर्वीचा लेख आणि आजची नोंद एकाच प्राण्याविषयी आहेत, हे कळणार कसे?

त्याच वर्षी अ‍ॅनन्डेल यांनीच ‘बॉम्बेएन्सिस’ हे नाव एका झुडपी बेडकाला दिले. तो मिळाला कॅसलरॉकला. तेव्हा मुंबई इलाख्यात, आज कर्नाटकात. इलाखा गेला, नाव उरले. नाव वाचून प्राण्याचे गाव ठरवणाऱ्याची इथे फसगत होते. गाव सांगते ती बरणीतली चिठ्ठी.

म्हणून या शास्त्रात खरी मूळ प्रत म्हणजे नमुना. वर्णन ही त्याची टीका. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये दक्षिण भारतातले अनेक बेडूक वर्णिले. त्यांचे टाईप नमुने पुढे हरवले. टीका राहिली, पोथी गेली. त्यांच्या नावांचा अर्थ लावताना नंतरच्या अभ्यासकांना त्रोटक मजकुरावर भिस्त ठेवावी लागली. २०१० मध्ये ‘राओर्चेस्टेस’ या कुलनामाने त्यांचा गौरव झाला, पण नमुन्यांची उणीव गौरवाने भरून येत नाही.

अलीकडची नावे कशी आहेत? आंबोलीच्या बेडकाला आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश दहाणूकर यांनी २०१४ मध्ये ‘चिरावासी’ म्हटले. जांभ्याच्या भेगांत राहणारा तो चिरावासी. शास्त्रीय नाव आणि बोलीतला शब्द इथे एकमेकांना भिडतात, म्हणून या सगळ्यांत ते मला सर्वांत सरस वाटते. २०१७ मध्ये आंबोलीच्याच दुसऱ्या एका बेडकाला ‘सेप्फी’ हे नाव मिळाले, ते निधी देणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून. कृतज्ञता म्हणून ठीक. प्राण्याविषयी त्यातून काहीच कळत नाही. २०१९ मध्ये समाधान फुगे, के. पी. दिनेश आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकाचे नाव ‘मराठी’ ठेवले. आनंद आहेच. पण ‘मराठी’ नावाच्या बेडकाचे मूळ वर्णन इंग्रजीत वाचावे लागते, हेही नोंदवायला हवे.

आणखी एक उणीव नकाशावर दिसते. कोयना, आंबोली अशी घाटमाथ्याची ठिकाणे पुन्हा पुन्हा येतात; मराठवाड्याचे बेसाल्टी पठार क्वचित. खुलताबाद, म्हैसमाळ, वेरूळच्या डोंगरांत पहिल्या पावसानंतर ओरडणाऱ्या बेडकांना आपण नावे लावतो, ती दूरच्या नमुन्यांवरून. मोठ्या हिरव्या बेडकाचे ‘टायगेरिनस’ हे नाव तर दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये बंगालच्या प्राण्यावरून दिलेले. ते इथे बरोबर लागू होत असेलही. पण बरोबर आहे असे म्हणायला इथला पुरावा हवा.

आज वर्णनासाठी शरीरमापे, आवाज आणि डीएनए असे तिन्ही लागतात. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएची नासाडी होते, म्हणून ऊतीचा तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. हे काम परवानगी आणि प्रशिक्षण असलेल्यांचे. पण महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत जुन्या बरण्या असतील, तर त्यांवरचे गाव, तारीख आणि संग्राहकाचे नाव उतरवून घेणे कोणालाही जमेल. उडालेले अल्कोहोल पुन्हा ओतता येते; पुसलेली चिठ्ठी पुन्हा लिहिता येत नाही.